उष्णतेची वाट

संगणक चालू आहे. त्याच्या मागच्या जाळीपाशी हात न्या.

जाळीला टेकवू नका. चार बोटं अंतर राहू द्या.

हवा तळहाताला लागते. कोमट आहे.

इथेच थांबा जरा.

ही हवा थोड्या वेळापूर्वी याच खोलीत होती, तुमच्या श्वासातलीच. कॅबिनेटच्या पुढच्या फटींतून ती आत शिरली, कशाकशावरून गेली आणि येताना ऊब घेऊन आली.

आज आपण या उबेच्या मागे मागे आत जाऊ. ती जिथून निघते तिथपर्यंत. वाटेत धूळ झाडू, प्रोसेसर बदलू, हीटसिंक बदलू. ती कामं हातांची. लक्ष मात्र उबेवर ठेवा.

श्वास घ्या. सोडा.

समोर २०११-१२च्या सुमाराचा असेंबल्ड डेस्कटॉप आहे. एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, एलजीए ११५५ सॉकेट, त्यात इंटेलचा कोअर आय३ २१००. दोन कोअर, ३.१ गिगाहर्ट्‌झ. असे डेस्कटॉप घरांत, क्लासेसमध्ये, झेरॉक्सच्या दुकानांत अजून चालताहेत. कुणाचे बारावीचे फॉर्म त्यांच्यावर भरले गेले, कुणाचे सातबारे त्यांच्यावरून निघाले. आता तो थकला, असं घरातले म्हणतात.

थकलाय का, ते ठरवू नका अजून. ऐका.

पंखा ऐका.

त्याचा आवाज चढतो. थोडा वेळ तसाच राहतो. उतरतो. पुन्हा चढतो.

पंख्याला चार वायरी आहेत. चौथीतून मदरबोर्ड त्याला वेग सांगतो. आत तापलं की वाढव, निवलं की कमी कर. म्हणजे तुम्ही ऐकताय तो आवाज तापमानाचाच आहे. तापमापी न बघताही ते कानाला कळतं.

पंखा पूर्ण वेगाने फिरूनही आतलं तापमान मर्यादेला भिडलं, तर प्रोसेसर स्वतःच हळू चालू लागतो. जळण्यापेक्षा मंदावणं त्याला परवडतं. तेव्हा आपण ज्याला वय म्हणतो, त्यातलं काही नुसतं अडलेल्या उबेचं असू शकतं. खिशात हात घालण्याआधी एवढं पाहून घ्यावं, असं मला वाटतं.

काही म्हणतोय, सगळं नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क अजून असेल तर संथपणाचा मोठा वाटा तिचा आहे, आणि तिथे एसएसडीच लागते. हे सांगून टाकलं. पुढे चला.

आता संगणक कुठे ठेवलाय ते पाहा.

बहुतेक घरांत तो टेबलाच्या खालच्या कप्प्यात असतो. तीन बाजूंनी प्लायवूड, मागे भिंत. मागून निघालेली कोमट हवा भिंतीला लागते, परत फिरते, बाजूने पुढे येते आणि पुन्हा आत ओढली जाते.

तीच हवा. पुन्हा तीच.

कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढा. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

एक पैसा लागला नाही. वाटेची पहिली गाठ सुटली.

आता संगणक बंद करा. मागची वायर काढा. वायर काढल्यावर चालू करायचं बटण एकदा दाबून धरा. आत साठलेली उरलीसुरली वीज निघून जाते. कधी कधी पंखा अर्धा वेढा घेतो आणि थांबतो.

ऐका, आता काहीच ऐकू येत नाही.

कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला बोट लावा. अंगावरची स्थिर वीज तिथे उतरते. काम चालू असताना अधूनमधून असंच बोट लावत राहा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तर नक्कीच.

एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, डबा मात्र उघडायचा नाही. तो बाजूलाच राहू दे.

दोन स्क्रू. बाजूचं पॅनेल मागे सरकवा, उचला.

आत पाहा. हात घालू नका, नुसतं पाहा.

मधोमध पंखा आहे. त्याच्या खाली ॲल्युमिनियमच्या पात्या, मधून बाहेरच्या बाजूला पसरलेल्या. हाच हीटसिंक. त्या पात्यांच्या मधल्या फटींतून हवा जायची असते.

टॉर्च तिरका धरा. फटींत बघा.

दिसतं का? पंखा आणि पात्या यांच्या मध्ये करड्या रंगाचा थर बसला आहे. त्यात रस्त्याची माती आहे, चादरींचे तंतू आहेत, एखादा केस, अगरबत्तीची राख. वर्षानुवर्षं हवेने आणून इथेच टाकलेलं. थर इतका घट्ट की काडीने टोक उचललं तर सगळा एकसंध उचलला जातो, आणि खाली पात्या लखलखीत निघतात. त्यांच्यावर हवा पोहोचलीच नव्हती.

या थरापाशी थोडं थांबा.

पंखा फिरत होता. आवाज करत होता. हवा मात्र थराच्या वरच फिरून बाजूला जात होती.

कोरा, मऊ ब्रश घ्या, रंगकामाचा एक इंची चालतो. पंख्याचं पातं एका बोटाने धरून ठेवा. ब्लोअर वापरायचा असेल तर कॅबिनेट गॅलरीत न्या आणि तेव्हाही पातं धरून ठेवा, नाहीतर वाऱ्याच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं.

झाडा. सावकाश. एक फट, मग दुसरी.

ज्याला इथे थांबायचं असेल त्याने थांबावं. पॅनेल लावावं, संगणक चालू करावा, आवाज ऐकावा. कित्येकांचं काम एवढ्यावर भागतं.

पुढे यायचं असेल, तर पुढच्या पायरीला पैसे लागतात. फार नाहीत.

नवा प्रोसेसर घ्यायचा तर नवा मदरबोर्ड लागतो. नव्या मदरबोर्डला नवी रॅम लागते. तिथून यादी लांबत जाते. आपण त्या वाटेने जात नाही. आहे त्याच सॉकेटमध्ये बसणारा, त्याच काळातला वरचा प्रोसेसर घेतो: २०१२चा कोअर आय७ ३७७०. चार कोअर, आठ थ्रेड, ७७ वॅट. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालाच्या दुकानांत असे प्रोसेसर विचारावेत. दुकानदाराला त्याच्याच बोर्डवर लावून दाखवायला सांगा. टेस्टिंगचे दिवस किती, ते बिलावर लिहून घ्या. प्रोसेसर उलटा करून सोनेरी ठिपके पाहा, कुठे ओरखडा किंवा काळेपणा आहे का ते.

एक गोष्ट घरीच, आधी. जुन्या एच६१ बोर्डाच्या बायोसला या पिढीची ओळख नसू शकते. बायोस अद्ययावत करायचा तो जुना आय३ जागेवर असतानाच. आणि यूपीएसवर. मधेच लाइट गेली तर बोर्डच जातो.

आणि हेही उघड सांगतो. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत हा आय७ नाही. लिनक्स मात्र त्याच्यावर उत्तम चालतं. हे पटत असेल तरच पुढे या.

प्रोसेसर आणलात. तो डबीतच राहू द्या.

श्वास घ्या.

आपण पात्यांपर्यंत आलो होतो. ऊब पात्यांत येते कुठून? खालून. पात्यांच्या खाली काय आहे, ते पाहायचं तर हीटसिंक उचलावा लागेल.

काढण्याआधी संगणक पाच-दहा मिनिटं चालवून पुन्हा बंद करा, वायर पुन्हा काढा. हीटसिंक आणि प्रोसेसर यांच्या मधली वाळलेली पेस्ट थोडी सैल होते.

पंख्याची वायर बोर्डवरून काढा. हीटसिंकच्या चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या पिना आहेत. प्रत्येकीच्या डोक्यावर बाण कोरला आहे. बाणाच्या दिशेला पाव वेढा फिरवा. वर ओढा. चारही.

आता सरळ उपटू नका. हीटसिंक हलक्या हाताने डावीकडे फिरवा, किंचित. उजवीकडे, किंचित.

पुन्हा.

एका क्षणी तो सुटतो. हाताला आधी कळतं, डोळ्यांना नंतर.

उलटा करा. पाहा.

पेस्ट होती ती आता खडूसारखी झाली आहे. कडेला जाड, मध्ये भेगा. नखाने कोपरा खरवडला तर भुकटी पडते.

या भेगांकडे नीट पाहा. हीच आपल्या वाटेतली सगळ्यांत अरुंद जागा.

प्रोसेसरचं झाकण तांब्याचं, वरून निकेलचा मुलामा. हीटसिंकचा तळ ॲल्युमिनियमचा. दोन्ही गुळगुळीत दिसतात. बोट फिरवलं तर काही लागत नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींवर उंचवटे आहेत, खड्डे आहेत. दोन्ही एकमेकांवर कितीही दाबले तरी उंचवट्याला उंचवटा टेकतो आणि मधल्या खड्ड्यांत हवा राहते.

आणि हवा उष्णता पुढे देत नाही. देते, पण अगदी नाममात्र. हवेपेक्षा तांबं सुमारे १५,००० पट सहज देतं.

पेस्ट त्या खड्ड्यांसाठी असते. हवेची जागा घेण्यासाठी. ती हवेपेक्षा शंभराहून जास्त पट बरी, पण तांब्यापुढे तीही फिकी. तेव्हा तिने खड्डे भरावेत आणि तेवढंच करावं. थर जाड झाला की तीच आडवी येते.

ती वाळली, भेगाळली की खड्ड्यांत पुन्हा हवा शिरते.

पाहत राहा. इतक्या बारीक भेगा. इतकी थोडी हवा.

आता कापडाच्या तुकड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब घ्या. झाकण पुसा. मधून कडेकडे. कापड करडं होतं, घडी बदला. पुन्हा पुसा. झाकणावरची अक्षरं उमटू लागतात. इंटेल. कोअर आय३. त्याखाली अंक.

सॉकेटच्या कडेला एक लोखंडी दांडी आहे. ती खाली दाबा, किंचित बाहेर घ्या, आणि वर येऊ द्या. चौकट उघडते. जुना प्रोसेसर दोन कडांना धरून सरळ वर उचला.

खाली पाहा.

११५५ पिना. केसासारख्या बारीक, ओळींत कललेल्या.

इथे काहीही टेकवायचं नाही. बोट नाही, ब्रश नाही, कापड नाही. फुंकर तर मुळीच नाही, तिच्यात ओल असते. श्वास रोखू नका. मान थोडी वळवा आणि बाजूला सोडा.

टॉर्च हळूहळू फिरवा. प्रकाश पिनांवरून ओळीने सरकत जातो. एखादी वाकली असेल तर त्या ठिकाणी ओळ तुटते. तुटत नाही ना, ते पाहा.

आता नवा. म्हणजे जुनाच, पण आपल्याला नवा.

कडांना धरा. एका कोपऱ्यात छोटा सोनेरी त्रिकोण आहे, सॉकेटवरही त्याची खूण आहे. दोन कडांना खाचा आहेत, सॉकेटवर त्यांना जुळणारे दाते. त्रिकोणाला त्रिकोण, खाचेला दाता.

ठेवा. दाबू नका. तो आपल्या वजनाने बसतो.

चौकट खाली घ्या, दांडी दाबा. दांडी जोर मागते, करकर आवाज येतो. घाबरायचं कारण नाही, ती तशीच असते.

आता बोट त्या झाकणाच्या वर, न टेकवता, धरा. मनाने आत उतरा.

झाकणाखाली पुन्हा पेस्टचा एक थर आहे, कारखान्यात घातलेला. आय३च्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत तिथे झाळ होती, या पिढीत पेस्ट आली. तिथे आपला हात पोहोचत नाही. तिच्याखाली सिलिकॉनचा तुकडा. १६० चौरस मिलिमीटर, अंगठ्याच्या नखाएवढा.

त्या नखाएवढ्या जागेत १४० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. प्रत्येक उघडतो, मिटतो. उघडता मिटता किंचित तापतो. त्याला दिलेली वीज शेवटी कुठे जाते? पडद्यावरचं अक्षर निघून जातं, हिशेब मांडून होतो, आणि खर्च झालेली वीज सगळी ऊब होऊन उरते.

सगळी.

आलो आपण. ऊब इथून निघते.

इथे थोडा वेळ राहा. तीन श्वास. चौथा घ्यावासा वाटला तर तोही.

आता परतीची वाट. नीट बांधायची.

७७ वॅट नखाएवढ्या जागेतून निघायचे आहेत. आय३च्या ६५ वॅटांसाठी आलेला बुटका, सगळा ॲल्युमिनियमचा हीटसिंक हे ओढेल, पण ओरडत ओढेल. पैसे फारच कमी असतील तर मध्ये तांब्याचा गाभा असलेला इंटेलचाच जुना हीटसिंक शोधा. थोडे जास्त असतील तर छोटा टॉवर कूलर घ्या. घेण्याआधी दोन गोष्टी पाहा: कॅबिनेटची रुंदी, आणि मदरबोर्डच्या मागे पत्र्याला खिडकी आहे की नाही. बऱ्याच टॉवरना मागून पट्टी लावावी लागते. खिडकी नसेल तर बोर्ड बाहेर काढावा लागेल, अख्खी दुपार जाते.

टॉवर हातात घ्या. पात्यांमधून गेलेल्या तांब्याच्या नळ्या बघा.

नळी भरीव नाही, पोकळ आहे. आतून तिला सच्छिद्र अस्तर आहे, त्यात थोडंसं पाणी, आणि बाकी हवा काढून घेतलेली. दाब इतका कमी की साध्या कोमटपणालाही पाण्याची वाफ होते.

माठाला घाम येतो, तो उडतो आणि जाताना ऊब नेतो. नळीतही तेच. फक्त इथली वाफ बाहेर जात नाही. ती नळीच्या थंड टोकाला जाते, पात्यांना ऊब देते, पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून झिरपत खाली परत येते.

वर वाफ. खाली पाणी. वर वाफ.

कुठला पंप नाही. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी करून दाखवली, तेव्हा डोळ्यांसमोर अवकाशातले उपयोग होते. आज ती तुमच्या टेबलावर आहे.

नळीसोबत थोडा वेळ राहा. वर, खाली.

आता पेस्ट. झाकणाच्या मधोमध चार-पाच मिलिमीटरचा एक थेंब. पसरू नका. हीटसिंक सरळ वरून उतरवा. एकदा टेकला की उचलून बघायचा मोह आवरा. उचलला तर हवा आत शिरते, मग पुसून पहिल्यापासून.

स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने. इकडे दोन वेढे, तिकडे दोन वेढे. थेंब खाली पसरतोय. दिसत नाही, पण पसरतोय.

पंख्याची वायर लावा. हे राहून जातं, म्हणून वेगळं लिहिलं.

वीज जोडा. चालू करा. पडदा क्षणभर काळा राहील. बोर्ड नव्या माणसाची चौकशी करतोय. बायोसमध्ये जा, तापमानाचा आकडा शोधा.

आकडा पाहा. थोडा चढतो. थांबतो.

या आकड्याशेजारी खोलीचं तापमान ठेवून बघायची सवय लावा. खोली ३० अंशांवर आणि प्रोसेसर काम करताना ७०वर असेल, तर अंतर ४०चं. तोच संगणक मे महिन्यात नागपुरात, ४२ अंशांच्या खोलीत ठेवा, तो ८२च्या आसपास जाईल. त्यात बिघाड काही नाही. पंखा कितीही मोठा आणला तरी खोलीपेक्षा थंड तो करू शकत नाही. या प्रोसेसरची मर्यादा १०५ अंशांची आहे, तिच्यापासून दूर आहात.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक: खोलीतल्या वाळ्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ती हवा थंड असते, पण ओलीही असते.

अर्धा तास जड काम द्या. व्हिडिओ रूपांतर चालतं. सोबत बसा. पंखा चढेल आणि एका सुरावर स्थिरावेल. मोठा पंखा सावकाश फिरूनही पुरेशी हवा देतो, म्हणून सूर खालचा आहे. तो वरखाली होत राहिला, तर हीटसिंक एका कोपऱ्यात सैल आहे का ते पाहा.

होत नसेल, तर पॅनेल लावायला घ्या. लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा: तारीख, खोलीचं तापमान, स्वस्थ असतानाचा आकडा, कामाच्या वेळचा आकडा, पेस्टचं नाव.

काढलेला आय३ आय७च्या डबीत ठेवा, सोनेरी बाजूला बोट न लावता. कुणाच्या तरी एलजीए ११५५च्या बोर्डवर अजून पेंटियम असेल, त्याला हा चालेल. पॅनेल पुन्हा उघडायचं ते दिवाळीच्या साफसफाईत. तेव्हा पेस्ट लागणार नाही, ब्रश पुरेल.